उंबऱ्याच्या आतून

हिर्लेकर मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका उघड्या दाराशी. कॉलेजचं नवं वर्ष सुरू होत होतं आणि विमानतळावरून आमची बस परदेशी विद्यार्थ्यांना घेऊन आली होती. बॅगा ओढत, डोळे चोळत पोरं हॉलमध्ये येऊन बसली. मी डोकी मोजली, बरोबर भरली. एसी चालू होता, बाहेरून माश्या आत येत होत्या, म्हणून काचेचं दार लावायला गेलो. तर दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "दार नका लावू, भिया. अजून येऊन राहिलेत."

मी बाहेर डोकावलो. रिकामी बस, बिडी ओढणारा ड्रायव्हर आणि पलीकडे सोयाबीनची शेतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. "कोण येतंय?" मी विचारलं. "हेच," हॉलमधल्या पोरांकडे हनुवटीने दाखवत त्या म्हणाल्या आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसल्या. दार बराच वेळ उघडं राहिलं. माझ्या अंगावर काटा आला होता, पण तो एसीमुळे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मी मूळचा साताऱ्याचा. इंदूरला नोकरी लागली तेव्हा ज्याने त्याने सांगितलं, खाण्यापिण्याची चंगळ आहे. या असल्या प्रकाराबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. आमचं कॉलेज गावाबाहेर, देपालपूरच्या रस्त्याला. माझं काम नियमाचं. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याने दर वर्षी ठरलेले विषय सोडवलेच पाहिजेत, वर्गात हजर राहिलंच पाहिजे. नाही जमलं तर आधी ताकीद, मग एका सत्राची सवलत, मग कमिटी. कमिटीने नाही म्हटलं की कॉलेजचा दाखला थांबतो, दाखला थांबला की व्हिसा वाढत नाही, आणि पोर घरी. मी त्या नियमाचा आणि मॅडम त्याखाली सापडलेल्या पोरांच्या. टेबलं समोरासमोर, त्यामुळे आमचं भांडण रोजचं.

त्यांच्या घराण्यात संस्थानाच्या काळापासून दरबारी नोकऱ्या. पिढ्यान् पिढ्या इंदुरात, त्यामुळे मराठी अशी की निम्मी हिंदीत बुडालेली, आणि समोरच्या कोणालाही भाऊ म्हणायचं ते 'भिया'. "तुम्ही पुणे-साताऱ्याचे लोक बोलता तेव्हा वाटतं की पेपर वाचून राहिले," असं मला सुनवायच्या. पण कामाला वाघीण. कोणी मास्तर इंग्रजीत सुरू करून हिंदीत घसरला की मागच्या बाकावरून यांचा हात वर: "सर, माझी लेकरं छूट गई पीछे." मेसच्या महाराजाशी तिखटावरून भांडायच्या, नापास पोरांना वरच्या वर्गातली पोरं शिकवणीला जोडून द्यायच्या, तापात काढे पाजायच्या. हे सगळं मला पटायचं. पटायचं नाही ते एकच. एखादं पोर वर्गात यायचं बंद झालं, खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागलं, की मी म्हणायचो आळशी आहे, डॉक्टर म्हणायचे मन उदास आहे, आणि मॅडम म्हणायच्या, "हा पोचलाच नाही अजून."

"अहो, नऊ महिने झाले त्याला येऊन!"

"अंग आलंय, भिया. बाकीचा वाटेत आहे."

पहिल्या वर्षी मी हसण्यावारी नेलं. मग एका रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. जुनी इंदूर नावाच्या भागात, एका गल्लीत त्यांचं घर, खाली भांड्यांचं दुकान, वर दोन खोल्या आणि मध्ये अरुंद लाकडी जिना. त्याची एक पायरी मोडकी होती. मी दर वेळी तिथे ठेचकाळायचो. मॅडम एकट्याच राहायच्या. त्या दिवशी बिकास नावाचा नेपाळचा मुलगा आधीच पाटावर येऊन बसला होता. चार विषय राहिलेले, बोलणं बंद, समोर वाढलेलं ताट तसंच.

भर दुपार. खालचं दुकान बंद, गल्ली सामसूम. मॅडम पदर खोचून उठल्या, जिन्याचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. बिकासच्या आईला फोन करून त्यांनी त्याचं घरचं नाव विचारून घेतलं होतं. त्या नावाने त्यांनी खाली जिन्यात हाक मारली, "कान्छा!" थोडं थांबून पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

"हजुर!" खालून नेपाळीत ओ आली.

मी बिकासकडे बघत होतो. त्याचे ओठ मिटलेले होते. खाली जिन्यावर पावलं वाजली, जड, दमलेली, खूप लांबून चालत आलेल्या माणसाची. मोडक्या पायरीशी ठेचकाळली, सावरली, वर आली. दारात कोणी नव्हतं. बिकासने मान वर केली, आजूबाजूला पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, थोडी दाल मिलेगी?" मॅडमनी वाढली. मी मात्र भाताचा घास हातात धरून बसलो होतो.

"हे काय होतं?" तो गेल्यावर मी विचारलं.

"काय होतं म्हणजे? आमच्याकडे सासूबाई करायच्या. परगावची सून आली नि रुळली नाही, खात नाही, बोलत नाही, तर घरातल्या मोठ्या बाईने उंबऱ्याच्या आतून तिला माहेरच्या नावाने हाक मारायची. उंबऱ्याच्या बाहेर नाही जायचं. आणि ज्याचं अंग घरात आहे त्यालाच बोलवायचं." इतकं बोलून त्या भांडी गोळा करायला लागल्या. बिकासने पुढच्या परीक्षेत चारही विषय सोडवले. मी त्याचं श्रेय शिकवणीला दिलं. माणसाला झोप तर लागली पाहिजे ना.

मग रेहेमा आली. टांझानियातल्या इरिंगाच्या बाजूची, फार्मसीच्या पहिल्या वर्षाला. आई लहानपणीच गेलेली, आजीने वाढवलेली. पहिल्या सत्रात एकूण एक विषय गेले. कमिटीने सवलतीचं सत्र दिलं आणि बजावलं की ही शेवटची संधी. मॅडमनी काय नाही केलं? डॉक्टर झाले, समुपदेशक झाले. तिच्याच देशाचा, तिसऱ्या वर्षातला जोसेफ रोज शिकवायला बसवला. महाराजाकडून मक्याच्या पिठाची घट्ट उकड शिजवून घेतली, कारण तिकडे तीच रोजची भाकरी. पोरगी हूं की चूं करायची नाही. घरी तुला कोणत्या नावाने हाक मारतात विचारलं तर खाली बघायची. आजीकडे फोन नव्हता, अर्जावरचा नंबर लागत नव्हता, आणि जोसेफ दुसऱ्याच गावचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मॅडमनी तिला घरी नेलं. मीही गेलो. आता नुसती बघ्याची हौस नव्हती. ती पोर जाणार हे मला दिसत होतं. दुपारी मॅडम दारात उभ्या राहिल्या. "रेहेमा!" तीनदा. जिना गप्प. आत येऊन बसल्या, पाणी प्यायल्या. "सासूबाई म्हणायच्या," स्वतःशीच बोलल्यागत त्या म्हणाल्या, "जिला घरचं नाव नाही तिला आपल्या घरातलं द्यावं." पुन्हा उठल्या. तोंड उघडलं, पण कितीतरी वेळ आवाज फुटेना. मग म्हणाल्या, "छबू."

हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या हाकेला त्यांचा आवाज चिरकला. तिसरी हाक तर जेमतेम ऐकू आली.

"ओ! आले, आले!"

खालून, स्वच्छ मराठीत. आणि पावलं धावत सुटली, दोन दोन पायऱ्या एकदम. मोडकी पायरी न चुकता ओलांडून सरळ वर आली. रेहेमाने डोकं वर केलं. मॅडमकडे बघून ती हसली आणि म्हणाली, "आई, भूक लागली गं."

मॅडमनी दाराची चौकट धरली. मी मनातल्या मनात हिशेब जुळवत होतो: पोरीला इथे येऊन सात-आठ महिने झाले, चार शब्द कानावर पडले असतील. पण ती उठली आणि न विचारता स्वयंपाकघरात गेली. मांडणीवरचे सगळे डबे सोडून अगदी मागचा, पत्र्याचा डबा काढला आणि त्यातली चकली तोंडात टाकली.

त्या दिवसापासून रेहेमा सुटलीच. वर्गात पहिल्या बाकावर. अंतर्गत परीक्षांत सगळ्यांच्या वर, बायोकेमिस्ट्रीत तर पैकीच्या पैकी. डायरेक्टर साहेबांनी मीटिंगमध्ये मॅडमचं नाव घेऊन कौतुक केलं. ती संध्याकाळी मॅडमच्या घरी जायची, बशीत चहा ओतून प्यायची, कारल्याला नाकं मुरडायची. कॉलेजात सगळ्यांना वाटलं, बाईंनी पोरीला लळा लावला. मॅडम तर दहा वर्षांनी तरुण दिसायला लागल्या, बांगड्या नवीन भरल्या. जोसेफ मात्र एकदा मला व्हरांड्यात अडवून म्हणाला, "सर, मैं उससे स्वाहिली में बात करता हूँ. वो हँस देती है." एवढं बोलून तो निघून गेला.

मी मॅडमना विचारलंच. त्यांनी टाळाटाळ केली नाही. छबू त्यांची एकुलती एक लेक. डॉक्टर व्हायला परदेशी गेली होती, बर्फाच्या देशात. पहिल्याच वर्षी गाडी अडली. ती वर्गात येत नाही हे तिकडच्या कॉलेजला माहीत होतं, ताकिदीवर ताकीद जात होती, ती पण तिलाच. "तुझं काय होऊन राहिलंय बेटा, म्हणून तिचं दार कोणी वाजवलं नाही, भिया," मॅडम म्हणाल्या. "न्यूमोनिया झाला होता. खोलीत सापडली. पेटीतून आणली इथे. अंग आलं. बाकीची आलीच नाही."

"आणि तुम्ही कधी हाक मारली नाहीत?"

"गेलेल्याला मारायची नसते. त्याला घरात अंगच नाही, येऊन राहणार कुठे? इतकी वर्षं तोंड दाबून ठेवलं. त्या दिवशी कसं सुटलं..." सुटलं की सोडलं, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही म्हणा.

एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, जोसेफने तिच्या गावाकडच्या चर्चच्या मास्तरांना गाठून आजीला फोनवर आणलं. आमच्याच ऑफिसात, माझ्या टेबलावर, फोनचा स्पीकर सुरू करून. म्हातारीचा आवाज थरथरत होता. ती बोलत होती, रडत होती आणि पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होती: "कादोगो... कादोगो..." रेहेमाने थोडा वेळ ऐकलं आणि फोन मॅडमकडे सरकवला.

"आई, ह्या आजी कोणाला शोधताहेत गं? फार रडताहेत बिचाऱ्या."

जोसेफ भिंतीला टेकला. "सर, दादी है उसकी," तो म्हणाला. "कादोगो मतलब छोटी. घर का नाम है."

मॅडमनी फोन हातात घेतला. त्यांना त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण म्हातारीचं रडणं संपेपर्यंत त्या कानाला लावून ऐकत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "रविवारी घरी या."

मी त्या आठवड्यात त्यांच्याशी तोंड दुखेपर्यंत भांडलो. "आठ दिवसांवर परीक्षा आहे. आत्ता ती पास होतेय! तुम्ही त्या पोरीला बोलावलंत आणि तिला यातलं काही येत नसलं तर? कमिटी तिला हाकलून देईल. परीक्षा होऊ द्या, दाखला मिळू द्या, मग मारा काय हाका मारायच्या त्या!" बघा, भुताखेतांवर विश्वास नसलेला मी, भुताने पेपर लिहावा म्हणून गयावया करत होतो.

"तोवर ती पोर थांबेल कुठे?" मॅडमनी विचारलं. "तिकडे तिची आजी हाक मारून राहिली आहे आणि हिला ओ द्यायला जागा नाही. माझीने घेतली ना ती. कोणाच्या लेकराच्या अंगात मी माझं लेकरू ठेवू? सांगा ना, तुम्ही नियमवाले."

रविवारी मॅडमनी छबूच्या आवडीचं सगळं केलं. पुरणपोळी, कटाची आमटी, चकली. समोर बसून आग्रह करकरून वाढलं. ती पोरगी बडबडत होती, की खालच्या दुकानदाराने भिंतीचा रंग बदलला तो छान नाही, की आईचे केस केवढे पांढरे झाले. मॅडम हो हो म्हणत होत्या. तिचं जेवण झाल्यावर त्यांनी तिची वेणी घातली. त्या आफ्रिकी केसांत त्यांची बोटं अडत होती, तरी नेटाने घातली. शेवटी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "छबू, आता जा बेटा. ही जागा दुसरीची आहे."

"अगं, पण मी आत्ता तर आले," ती म्हणाली.

मॅडम उठल्या. दार उघडलं. उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या आणि अजिबात न चाचरता, मोठ्याने हाक मारली, "कादोगो!" माझ्या शेजारी पाटावर ती पोरगी "आई, नको ना" म्हणत होती. मी कानांवर हात ठेवले. तरी दुसरी हाक ऐकू आली, तरी तिसरी.

"अबे!" खालून आवाज आला. त्यांच्याकडे मुली हाकेला अशी ओ देतात, हे जोसेफने मला नंतर सांगितलं. पावलं हळूहळू वर यायला लागली. मोडक्या पायरीशी ठेचकाळली. आणि त्याच वेळी जिन्यातून कोणीतरी खाली उतरत होतं, अनोळखी पावलांना वाट देत, पायरी न चुकता. मी दाराकडे बघितलं नाही. मॅडम मात्र अगदी शेवटपर्यंत खाली बघत उभ्या होत्या.

रेहेमाने डोळे उघडले. समोरच्या ताटाकडे, स्वतःच्या वेणीकडे नवलाने पाहिलं. मग तिचं लक्ष मॅडमकडे गेलं. "मॅडम, तुम्ही का रडताय?" तिने इंग्रजीत विचारलं. त्यापूर्वी ही रेहेमा मॅडमशी एक अख्खं वाक्य कधी बोललेली मला आठवत नाही.

पुढे मला भीती होती तेच झालं. परीक्षेत रेहेमाला काही म्हणजे काही आलं नाही. आठ दिवसांत कितीसं शिकणार? अंतर्गत परीक्षेत पहिली आणि वार्षिकला सगळ्या विषयांत नापास, हे कमिटीच्या डोळ्यांत खुपलं. तिला समोर बसवून प्रश्न विचारले. ज्या धड्यावर तिला पैकीच्या पैकी होते, त्यातला साधा प्रश्न तिला सांगता येईना. डायरेक्टर साहेब तापले. दुसऱ्या कोणालातरी बसवून पेपर लिहिले असणार. सरळ काढून टाका, म्हणाले. रेहेमा थरथरत होती. तिला खरोखरच ठाऊक नव्हतं की कुठले पेपर.

मॅडम उभ्या राहिल्या. "ते अंतर्गतचे मार्क काढून टाका, सर. ते हिचे नाहीत."

"मग कोणाचे?"

"माझ्या मुलीचे. पेपर तिने लिहिले. या लेकराला यातलं काही माहीत नाही, केलं ते मी केलं. शिक्षा मला द्या आणि हिला वर्ष परत करू द्या."

खोलीत सगळे एकदम बोलायला लागले. इतक्या वर्षांची बाई, आणि हे असं! डायरेक्टर साहेबांनी टेबलावर हात आपटला. "कुठे आहे तुमची मुलगी? बोलवा तिला इथे."

"आता नाही बोलवता येत," मॅडम म्हणाल्या.

मी कमिटीचा सचिव, कोपऱ्यात बसून होतो. काय सांगणार होतो मी? कपाळ! मॅडमनी त्याच दुपारी राजीनामा दिला. सगळा ठपका त्यांनी स्वतःवर घेतल्यामुळे रेहेमाला वर्ष पुन्हा करायची परवानगी मिळाली. टेबलावरचा त्यांचा तांब्या आणि शाल मीच रिक्षात ठेवून दिली. जाताना त्या मला बजावून गेल्या की पोरीला शिकवणी चुकू देऊ नका.

मी चुकू दिली नाही. ती रोज वर्गात येत होती, रोज रडत होती, पण येत होती. जोसेफशी स्वाहिलीत कडाकडा भांडायची. दर शनिवारी मास्तरांकरवी आजीचा फोन यायचा आणि ऑफिसात कोणाला काम सुचू द्यायची नाही इतक्या मोठ्याने बोलायची. वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी आधी मॅडमना फोन केला. त्या आजारी होत्या, आवाज खोल गेला होता. आमचं ते शेवटचं बोलणं.

"पास झाली!" मी ओरडलोच. "सगळ्या विषयांत!"

"एकेक विषय सांगा ना."

मी सांगत गेलो. त्या प्रत्येक विषयाला "अच्छा, अच्छा" म्हणत होत्या.

"बायोकेमिस्ट्री?"

"काठावर सुटली."

त्या हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

"छबूला त्यात जास्त होते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.